सावरपट्ट्याला हूल

कुंदा आवटी माणसांना ढकलायची. तिचा पेशाच तो. सांगलीच्या मार्केट यार्डामागे एका जुन्या हळदीच्या गोदामात तिचं केंद्र होतं, आणि तिथे येणारी माणसं मुळातच धड उभी राहू शकत नसत. अशा माणसाच्या मागे जाऊन ही बाई न सांगता त्याच्या पाठीत धक्का द्यायची. तो भेलकांडायचा, हात पसरायचा, कधी सावरायचा, कधी गादीवर आपटायचा. मग ही म्हणायची, "छान! कुठं चुकलं ते पायाला कळलं. आता परत."

बाकावर बसलेल्या नातेवाइकांचा जीव खालीवर व्हायचा. एका सुनेनं तर तोंडावर विचारलं होतं, "बाई, तुम्ही डॉक्टर आहात का गुंड?"

"फिजिओथेरपिस्ट," कुंदा म्हणाली. "त्या दोन्हींच्या मधलं."

गोदामातून हळद जाऊन वर्षं लोटली होती, तरी फरशीच्या फटींतून ती अजून निघायची. जो पडेल तो पिवळा होऊन घरी जायचा. कोण मन लावून व्यायाम करतंय आणि कोण अंग चोरतंय, हे कुंदाला शर्टाच्या पाठीवरून कळायचं. स्वच्छ पाठ दिसली की तिचं डोकं फिरायचं.

आजार विरळा होता, पण समजायला अवघड नव्हता. मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या भागात लहान मेंदू असतो. त्याचं दिवसभराचं काम म्हणजे अंदाज बांधणं. पाऊल उचलायच्या आधीच तो ठरवून मोकळा होतो, की आता वजन इतकं सरकेल, गुडघा इतका वाकेल. पाऊल पडलं की अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यातला फरक तो बघतो आणि पुढच्या वेळी तेवढी दुरुस्ती करतो. लहानपणी आपण सगळे असेच चालायला शिकलो, पडून पडून. या आजारात त्या लहान मेंदूतल्या पेशी हळूहळू वाळत जातात. चाल झोकांड्या खाते, हात कापतो, जीभ जड होते. आई किंवा बाप, एकाला असला तरी प्रत्येक मुलाच्या बाबतीत छापा-काटा. औषध नाही. मात्र उरलेल्या पेशी अजून शिकू शकतात, आणि त्या शिकतात फक्त चुकीवरून. चूक झालीच नाही, तर त्यांना सुधारायला काही उरतच नाही. कुंदाचा धक्का म्हणजे अशी मापून दिलेली चूक होती. आजार त्यानं थांबत नसे, पण काही वर्षं मागे ढकलता येई.

तिचा सगळ्यात हट्टी पेशंट म्हणजे भूपाल मगदूम सर. नदीपलीकडच्या एका गावच्या हायस्कुलात त्यांनी जन्मभर खो-खो शिकवला. चातुर्मासात ज्यांच्या घरात कांदासुद्धा येत नाही असं हे जैन घर, आणि सर झोकांड्या खायला लागले तेव्हा गाव काय म्हणालं? "सर टाकून आलेत." त्यांच्या आईलाही असंच काही झालं होतं, तेव्हा तिला करणी झालीय म्हणत होते. गावाला काही ना काही बोलायला लागतंच.

सरांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते आणि मुलगी त्रिशला. ती राज्य पातळीवर खेळलेली, आता बापाच्या जागी मुलींच्या संघाला तीच शिकवत होती. पोरगी गुणाची, बापावर जीव टाकणारी. कुंदाचं डोकं उठायचं ते नेमकं तेवढ्याचसाठी.

"हे बघ त्रिशला, सर इथं आठवड्यातून एकदा येतात. आठवड्यातून एकदा जेवून कुणी जगतं का? धक्के रोज पाहिजेत. सकाळ-संध्याकाळ. आणि घरात तूच आहेस."

"मॅडम, बाकी काहीही सांगा. आण्णांना धक्का नाही द्यायची मी. बापाला ढकलायचं? हात उठत नाही."

"अगं, मी देते तो धक्का आणि तू देशील ती काय मारामारी?"

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही परक्या."

सर हसत. जड जिभेनं म्हणत, "राहू दे ओ बाई. मैदानावर वाघीण हाय ती. घरात शेळी."

मग पट्टा आला.

नाव सावरपट्टा. पुण्याच्या एका कंपनीनं काढला होता, आणि तो घेऊन कंपनीचे डॉक्टर इनामदार स्वतः गोदामात आले. तरुण, हुशार, बोलायला मधाळ. कमरेला दोन बोटं रुंदीचा पट्टा, तिथून मांड्यांवर आणि पोटऱ्यांवर चिकटवायच्या पातळ चकत्या. पट्टा आठवडाभर तुमची चाल शिकायचा. मग तोल जायच्या आत, तुम्हाला पत्ता लागायच्याही आत, त्याला कळायचं की हा माणूस आता डावीकडे चाललाय. लगेच बरोबर त्या स्नायूला विजेचा हलका चिमटा. पाय आपोआप ताठ, माणूस सरळ.

मगदूम सर पट्टा लावून गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. सरळ. भिंतीला हात न लावता. त्रिशला ओंजळीत तोंड लपवून रडली. कुंदानंही टाळ्या वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या. कित्येक वर्षं ज्यांच्या घामानं तिचे हात ओले झाले, ती माणसं चालताना बघून कुणाला वाईट वाटेल?

पण पुढे जे व्हायचं ते झालंच. हळूहळू सगळ्याच पेशंटांच्या कमरेला पट्टा आला. "धक्के खायची आता काय गरज?" म्हणत एकेक जण यायचा बंद झाला. जे येत ते कुंदाला भेटायला, पेढे द्यायला. सगळ्यांच्या पाठी स्वच्छ. बाजारात जात होते, देवळात जात होते, लग्नात पंगतीत बसत होते. बसू दे की! कुंदाचं म्हणणं एवढंच होतं, की रोज थोडा वेळ तरी पट्टा काढून गादीवर या. कोण ऐकतंय?

मग त्यांच्यातल्याच घोरपडे काकू न्हाणीघरात पडल्या. पट्टा भिजवायचा नसतो, म्हणून अंघोळीला काढून ठेवलेला. दिवसभर रस्त्यानं ताठ चालणारी बाई, चार वितींच्या न्हाणीघरात तिला एक पाऊल सावरता आलं नाही. खुब्याचं हाड मोडलं.

कुंदानं इनामदारांना फोन लावला. "डॉक्टर, मी दर तिमाहीला सगळ्यांची पट्टा काढून चाचणी घेते. पूर्वीपेक्षा दुप्पट वेगानं खाली चाललेत सगळे. तुमचा पट्टा चूक होऊच देत नाही. लहान मेंदूला वाटतं, सगळं झकास चाललंय. तो शिकायचा बंद झालाय."

"मॅडम, आजार वाढतच असतो," इनामदार शांतपणे म्हणाले. "आमच्या माहितीत तर पडण्याचं प्रमाण जवळजवळ शून्यावर आलंय."

"ती माहिती पट्ट्याची! काढून ठेवलेल्या पट्ट्याला न्हाणीघरात पडलेलं माणूस दिसणार कसं?"

"तुमचा मुद्दा मी नोंदवून घेतो."

कुंदानं फोन गादीवर फेकला. हळदीचा छोटासा धुरळा उडाला. नोंदवून घेतो म्हणे! कपाळ माझं!

याच दिवसांत एका दुपारी त्रिशला एकटीच गोदामात आली आणि बाकावर बसून राहिली. कुंदानं चहा पुढे केला, तिनं तो घेतला नाही.

"मॅडम, मी तपासणी करून घेतली. रक्ताची." मग खाली बघून म्हणाली, "माझ्यातपण आहे."

पोरगी अजून हरणासारखी पळत होती.

"आण्णांना सांगू नका. त्यांना वाटेल, त्यांनीच दिलं."

"नाही सांगत. पण त्रिशला, ऐक माझं. तुझ्यापाशी वेळ आहे. आत्तापासून—"

"मला आत्तापासून काही नको!" ती उसळली. "आण्णा पट्टा लावून चालतात ना, ते मला रोज सकाळी बघायचं असतं. पुढं माझंपण असंच सरळ होणार, एवढंच मला बघायचंय. तुम्ही त्यांना तो काढायला लावू नका. पाया पडते तुमच्या."

ती गेली. कुंदा हात चोळत बसली. सत्य सांगावं तर पोरीची आशा मोडते, न सांगावं तर बाप आणि लेक दोघंही हातचे जातात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

पुढच्या चाचणीला सर आले तेव्हा कुंदाला दोन गोष्टी दिसल्या. एक, त्यांच्या गुडघ्यांना आणि तळव्यांना तांबडी माती लागली होती. दोन, पट्टा काढल्यावर ते मागच्या वेळेपेक्षा बरे उभे राहिले. तिनं पाठीत धक्का दिला. एक पाऊल वाकडं पडलं, दुसऱ्या पावलाला त्यांनी स्वतःला धरलं. कुंदाचा विश्वास बसेना. दुसरा दिला, जोरात. पुन्हा सावरले.

"सर, काय करताय तुम्ही? खरं बोला. कुठल्या वैद्याकडे गेलात?"

"कुठं न्हाई ओ."

"मग गुडघ्याला माती कुठली?"

सर चोरी पकडलेल्या पोरासारखे हसले. "त्या मेल्याशी भांडतोय रोज. पट्ट्याशी. उद्या पहाटं मैदानावर या, दावतो."

गोष्ट अशी झाली होती. पट्टा आल्यापासून सर पुन्हा मैदानावर जायला लागले होते आणि त्रिशलाच्या संघातल्या मुलींना हूल शिकवत होते. खो-खोत हूल म्हणजे अर्धा खेळ. खांदा आणि कंबर अशी डावीकडे टाकायची की पाठलाग करणारीला वाटावं, ही डावीकडे निघाली. वजन मात्र उजव्या पायावर राखून ठेवायचं, आणि ती फसली की उजवीकडे सुटायचं. सरांनी हूल करून दाखवली, आणि फसला तो पट्टा! त्याला वाटलं, म्हातारा डावीकडे पडतोय. त्यानं खाडकन उजवीकडे ओढलं. सर मुळात उजव्या पायावरच होते, ते त्या ओढीनं सरळ मातीत गेले. पोरी तोंड दाबून हसल्या. सर मातीतून उठले ते संतापानं लाल होऊन.

"माझ्या मैदानावर मलाच शिकवतोय? म्हटलं, थांब लेका. जन्मभर भल्याभल्यांना चकवलंय, तू कोण?"

दुसऱ्या दिवसापासून रोज उजाडताना हा कार्यक्रम. हूल द्यायची, पट्टा फसून उलटा झटका देणार, आणि तो झटका स्वतःच्या पायांनी पचवायचा. कधी पडायचे, बऱ्याचदा सावरायचे. कुंदा मैदानाच्या कडेला उभी राहून बघत होती आणि तिला हसावं की नाचावं कळत नव्हतं. व्यायाम म्हणून सरांनी हे केलंच नव्हतं, निव्वळ रागानं केलं होतं. पण जी चूक पट्ट्यानं हिरावून घेतली होती, तीच त्यांनी पट्ट्याकडून वसूल केली होती. जो धक्का लेक देईना, तो यंत्र देत होतं!

आणि इथे कुंदानं माती खाल्ली. आयुष्यभर प्रामाणिकपणे रिपोर्ट लिहिलेल्या बाईकडूनच होईल अशी ही चूक. काही चांगलं दिसलं की ते वरच्यांना कळवायचं, हे तिच्या हाडात होतं. तिनं सरांची चित्रफीत काढली, चाचण्यांचे आकडे जोडले आणि सगळं इनामदारांना पाठवलं. वर फोन करून म्हणाली, "आता तरी पटलं ना? रोज अर्धा तास पट्ट्यानं मुद्दाम चुकावं, एवढीच सोय करा. तुम्हाला एका बटणाचं काम."

"फार मोलाची माहिती दिलीत, मॅडम," इनामदार म्हणाले. त्यांच्या आवाजात खरा आनंद होता. कुंदा महिनाभर तरंगत होती.

मग एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर संदेश आला, की पट्ट्यात सुधारणा झाली आहे आणि आता आपला सावरपट्टा अधिक सुरक्षित आहे. कुंदानं तो वाचला आणि ती मिळेल त्या बसनं मैदानावर गेली.

सर खांबाजवळ उभे होते. त्यांनी डावीकडे हूल दिली. काही नाही. उजवीकडे दिली. काही नाही. बसून दिली, वळून दिली, ठेवणीतल्या सगळ्या हुला काढल्या. पट्टा हलला नाही. जेव्हा सर खरोखर कलले, तेवढ्यापुरता त्यानं हळूच चिमटा काढला आणि त्यांना सरळ उभं केलं, खांबाशेजारी दुसऱ्या खांबासारखं.

"शिकला मेला," सर म्हणाले. "बाई, कुणी सांगितलं त्याला?"

कुंदानं मान खाली घातली. "मी. मला वाटलं, ते ही सोय सगळ्यांना देतील. त्यांनी ती खोट समजून बुजवून टाकली."

"तुम्ही तर माझ्या संघातल्या." सर एवढंच म्हणाले, आणि कुंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं तिथूनच इनामदारांना फोन लावला. ते समजावू लागले, "मॅडम, माणसाला पाडणारं यंत्र आम्ही विकू शकतो का? एक जरी दगावला तर?" ते खोटं बोलत नव्हते, हाच खरा वैताग होता. कुंदानं फोन बंद केला.

तेवढ्यात त्रिशला मैदानावर आली. तिला संदेशाचा आनंद झाला होता. "बरं झालं! आता आण्णा पडणार नाहीत."

कुंदाचा बांध फुटला. "पडणार नाहीत? अगं, तू बघतेस ती सरांची चाल नाहीच! पट्टा चालतोय, सर त्याच्या आत लटकलेत. त्यांची स्वतःची चाल पहाटेच्या अर्ध्या तासात जगत होती, ती आज गेली. आता उरलीस तू. रोज पट्टा काढायचा, पाठीत धक्का द्यायचा. नाही दिलास तर वर्षा-दोन वर्षांत न्हाणीघरापर्यंतसुद्धा जाता येणार नाही त्यांना."

"मी नाही ढकलणार!" त्रिशला ओरडली. "पट्टा खोटा असला तर माझं काय? मला पण तोच लागणार आहे ना पुढं? माझ्या रक्तात पण—"

ती थांबली, पण शब्द सुटून गेला होता.

सर मुलीकडे बघत राहिले. त्यांचा जबडा हलला, शब्द यायला वेळ लागला.

"कधी कळलं?"

"झाले काही महिने."

"आणि एकटीच घेऊन फिरतीस व्हय?" सरांचे डोळे भरले. "वेडी का खुळी तू? माझी आईपण असंच लपवत गेली. आम्ही पोरं तिच्यावर चिडायचो, सारखी भांडी पाडतीस म्हणून."

सरांनी कापऱ्या बोटांनी कमरेचा खटका शोधला. दोनदा निसटला. कुंदा मदतीला पुढे झाली, त्यांनी मानेनंच नको म्हटलं. पट्टा सुटला, चकत्या ओढून काढल्या, सगळं मातीत टाकलं. मग सर दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर गेले. गेले म्हणजे काय, दोन्ही हात पसरून, नशेतल्या माणसासारखे झोकांडत गेले. गावानं बघितलं असतं तर तेच म्हटलं असतं. चौकोनात पोचून ते मुलीकडे पाठ करून उकिडवे बसले. तोल सांभाळायला दोन्ही तळवे मातीत टेकलेले, अंग डुलतंय.

"दे खो."

"आण्णा, नको."

"बसलेल्याला खो दिल्याशिवाय उठता येत न्हाई. नियम कुणी शिकवला तुला? मी असाच बसून ऱ्हाऊ का?"

त्रिशलानं कुंदाकडे बघितलं. पोरगी बापाच्या मागे जाऊन उभी राहिली, हात पुढे केला आणि पाठीला नुसती बोटं लावली. "खो."

"हा काय खो? पंच फाऊल देईल. हात पाठीवर पडला पायजे आणि आवाज खांबापर्यंत गेला पायजे. परत."

त्रिशलानं डोळे मिटले. तिचा तळवा बापाच्या पाठीत सणकून बसला. "खो!"

सर उसळले. पहिलं पाऊल भलतीकडे पडलं, दुसरं त्याला ओलांडून गेलं, हात पंख्यासारखे फिरले. खांब समोर होता. ते तिथवर पोचले नाहीत. गुडघ्यावर आले, मग तळव्यांवर. त्रिशला किंचाळून धावली. कुंदानं तिचा दंड पकडला. "थांब. उठू दे त्यांना."

सरांना उठायला वेळ लागला. उठले, तोंडावरची माती झटकली आणि खांबाकडे बघून म्हणाले, "डावा पाय उशिरा आला. कळलं मला. परत."

दुसऱ्या वेळीही पडले. तिसऱ्या वेळी धडपडत, तिरके, कसेबसे गेले आणि दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली. तिथेच धापा टाकत उभे राहिले. कुंदाला माहीत होतं, पुढच्या वर्षी हा खांब आणखी लांब जाईल, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी. त्रिशलालाही ते माहीत होतं. ती आता रडत नव्हती. डोळे बारीक करून बापाच्या पावलांकडे बघत होती, खेळाडू बघतो तशी.

"ह्या बाजूला या परत," ती म्हणाली. "उजवा खांदा आधी टाकताय तुम्ही."

"येतो की. पण आता माझी पाळी न्हवं." सर खांब सोडून तिच्याकडे आले, पडत-झडत आले, आणि चौकोनाकडे बोट दाखवलं. "आता तू बस."

"मला अजून काही होत नाही, आण्णा."

"म्हणून तर. बस."

त्रिशला पट्टीवर बसली. सर तिच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी हात उचलला. तो कापला, हवेतच हुकला, खांद्याच्या बाजूनं निघून गेला. दुसऱ्यांदा नीट पाठीवर पडला.

"खो!" सर ओरडले, आणि त्रिशला उठून पळाली.